शशिकांतरावांचं बंद झालेलं पान

ईशा आणि निखिल, आज आमच्या वाचनालयात शशिकांतराव संगणकाचा पडदा रुमालाने पुसत होते. पडदा स्वच्छच होता. त्यांना हवं ते पान उघडत नव्हतं, एवढंच.

कारण मला ठाऊक होतं. आसपासच्या सगळ्या वाचनालयांच्या संगणकांवर कोणत्या साइट बंद ठेवायच्या, हे आम्ही तिघं ग्रंथपाल मिळून ठरवतो. काल खोट्या औषधांच्या साइट चर्चेला घेतल्या. त्यांत एक होती, डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी काढ्याने बरे झाल्याच्या गोष्टी सांगणारी.

"ही राहू द्यावी का?" मी विचारलं. "शशिकांतराव रोज वाचतात. आता उपाय नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला घरी पाठवलंय."

"एकासाठी ठेवली की सगळीकडे उघडी राहते, बाई," आमच्यातले पाटणकर म्हणाले. "उद्या कुणी चालू औषध सोडून काढा पाजत बसेल."

त्यांचं बरोबर होतं. मीही हात वर केला.

खोटं ओळखणं सोपं असतं, मुलांनो. ते काढून घेतल्यावर त्या जागी ठेवायला मात्र आपल्याजवळ काही नसतं. खरं सांगणाऱ्या साइट आम्ही सगळ्या उघड्या ठेवल्या आहेत. त्यांत शशिकांतरावांना रोज वाचावंसं वाटेल असं काहीच नाही.

"बाई, नेट गेलंय का?" त्यांनी विचारलं.

"तसंच दिसतंय," मी म्हणाले.

"मग थांबतो. ती आत्ताच झोपलीय," असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.