धारूरच्या घाटातल्या दोन गाड्या

आमची गाडी वळणावर झुकते. वेग थोडा जास्त झाला की तिचं नाक बाहेरच्या बाजूला जायला लागतं, टायर कुंई करतात आणि मागे बसलेली आई दारावरची कडी धरते. स्टिअरिंग इतकं हलकं की सरळ रस्त्यावर चाकं नेमकी कुठे बघतायत ते हाताला कळत नाही. चार दारं, मागे मोठी डिकी, परळीच्या कुठल्याही गल्लीत एखादी उभी दिसेल अशी साधी घरगुती गाडी. मी तिच्यावरच शिकले.

पप्पांचं परळीत हार्डवेअरचं दुकान आहे आणि धारूरला त्याचीच एक छोटी शाखा. त्यांच्या पाठीचं दुखणं वाढलं तेव्हापासून दर गुरुवारी त्यांना धारूरला मी नेत असे. सिरसाळा, तेलगाव आणि मग घाट. घाट अरुंद आहे, कारखाना सुरू असला की उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात. पप्पांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. ब्रेक वळणाच्या आधी, आणि वळणात पाय शांत. बाकीचं गाडीनेच शिकवलं. चुकलं की ती लगेच सांगायची, सगळं अंग हलवून सांगायची. वर्षभरात तिने सांगायचं कमी केलं, आणि पुढे पुढे पप्पांना घाटात झोप लागायला लागली. मला कुणी एवढी मोठी शाबासकी कधी दिलेली नाही.

शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथल्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात बाई एकच ओळ लिहायच्या, हुशार आहे पण बोलत नाही. घरी पाहुणे आले की मी पाणी देऊन आत जायचे. गाडीत मात्र बोलावं लागत नसे.

गेल्या वर्षी बीडच्या एका कंत्राटदाराच्या मुलाचं स्थळ आलं. शिकलेला, दिसायला बरा, आवाज न चढवणारा. मी नाही म्हणावं असं काही नव्हतं. मला फक्त एक विचारायचं होतं, लग्नानंतर मला गाडी चालवता येईल का. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आधी ठरू तर दे. मग चालव की विमान."

त्यांचं गावाकडचं घर धारूरच्या पुढे होतं. बोलणी पुढे गेल्यावर तो आणि त्याची आई आम्हाला घर दाखवायला न्यायला म्हणून परळीला आले. आधी सगळ्यांनी वैद्यनाथाचं दर्शन घेतलं. मंदिराखाली त्यांची गाडी उभी होती. तीही चार दारांचीच, पण आमच्या गाडीपेक्षा वीतभर बुटकी, रुंद, जमिनीला पोट लावून बसल्यासारखी. तिच्यावर वीज केंद्राच्या राखेचा थर बसला होता, आमच्याकडे सगळ्यांवरच बसतो. तो रुमालाने बॉनेट पुसत होता.

"पोरीला आमच्या गाडीत बसू द्या," त्याची आई म्हणाली. "मी हाय ना सोबत. दोघं जरा बोलतील तरी."

पप्पा, आई आणि मामा आमच्या गाडीने मागून निघाले. मी मागच्या सीटवर त्याच्या आईशेजारी, काकूंशेजारी बसले. तो एकटा पुढे होता. बोलत होता, बहुतेक गाडीबद्दलच.

सिरसाळ्याच्या पुढे एका गावाबाहेर गतिरोधक आला. सरकारी नव्हे, अपघात झाल्यावर गावकऱ्यांनी स्वतः मुरूम आणि सिमेंट ओतून घातलेला, उंच. गाडी पुरती थांबायच्या आधीच काकूंनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"चल बाई, उतर. ह्यो उंच हाय."

मला कळलं नाही.

"पोट घासतं तिचं," त्या म्हणाल्या. "वजन असलं की बसती खाली."

आम्ही उतरलो. काकूंनी निऱ्या उचलल्या, एक हात गुडघ्यावर ठेवून तो उंचवटा चढल्या आणि पलीकडे उतरल्या. त्याने आत बसून गाडी हळूच पार केली. चहाच्या टपरीवरची चार माणसं बघत होती. त्यातला एक म्हणाला, "एवढ्या मोठ्या गाडीला बायकांना धक्का मारावा लागतो का बे?" बाकीचे हसले. काकू ऐकू न आल्यासारख्या पुन्हा गाडीत बसल्या.

मागून आमची गाडी तिघांना घेऊन, एका हेलकाव्यात, तो उंचवटा ओलांडून आली.

तेलगावपर्यंत असं तीनदा झालं. काकूंना सगळे गतिरोधक पाठ होते. "ह्यो चालतो, बस. त्याच्या पुढचा न्हाई चालत." मी विचारलं नाही, तरी त्या म्हणाल्या, "रोजचंच हाय गं. सवय होती." त्याने आरशात एकदाही मागे पाहिलं नाही.

घाट लागला आणि मी त्याचे हात बघायला लागले. तो वळणाच्या मधोमध ब्रेक मारत होता. स्टिअरिंग एकदा जास्त फिरवायचा, मग परत घ्यायचा, मग पुन्हा. आमच्या गाडीत असं केलं असतं तर तिने तिघांनाही एका दारावर फेकलं असतं. ही गाडी काहीच बोलली नाही. झुकली नाही, टायर ओरडले नाहीत, तिने मुकाट्याने वळण घेतलं. ती इतकी चांगली होती की आपण किती वाईट चालवतो हे त्याला कधी कळण्याचं कारणच नव्हतं.

घर मोठं होतं. जेवण झालं, आईने मान डोलावली, पप्पा खुशीत होते. मला परळीला सोडायला तो आणि काकू निघाले, तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

"ऐकलंय तुम्ही चालवता. घ्या की. घाट आहे, भीती वाटली तर सांगा."

मी पप्पांकडे पाहिलं. ते हसत म्हणाले, "घे, घे. जपून."

वाटलं, माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

तो शेजारी बसला आणि त्याने मोबाईल काढून माझा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. काकू मागे. पहिल्या वळणाला मी सवयीने आधी ब्रेक लावला आणि स्टिअरिंग फिरवलं. गाडी वळली, एवढंच. मधे काही नव्हतं, झोल नाही, उशीर नाही, मनात आलं तिथे ती होती. रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळत होता. दुसऱ्या वळणापर्यंत मी तिच्या प्रेमात पडले होते. हे मान्य करायला मला आजही जड जातं, पण त्या दिवशी मला त्या घरातलं काही आवडलं असेल तर ती गाडी. आमची गाडी तिच्यापुढे घाटात म्हैस वाटली असती. चार वर्षं त्या म्हशीने जे शिकवलं होतं ते सगळं इथे आयतं कामाला येत होतं.

पाचव्या-सहाव्या वळणाला त्याने मोबाईल खिशात ठेवला. मागून काकू म्हणाल्या, "काही लागतच न्हाई गं. पाळण्यात बसल्यावानी." तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तेलगाव मागे पडलं आणि गतिरोधक आला. मी गाडी थांबवली. मागे दार उघडल्याचा आवाज झाला. आरशात मला काकूंचा हात दिसला, सीटच्या पाठीला धरून त्या उठत होत्या. मी हिशेब केला तो गाडीचा. या गाडीचं नाक खाली आहे, पुढे वजन दोघांचं, उंचवटा तिरका घेतला आणि एकेक चाक चढवलं तर घासणार नाही, पुढचा माणूस उतरला तर नक्कीच नाही.

मी म्हणाले, "तुम्ही उतरता का जरा? काकू बसू देत. त्यांचा गुडघा दुखतोय. मी तिरकी घेते."

एवढंच. मागे काकू अर्धं दार उघडं धरून थांबल्या.

"मी?" तो हसला. इथेही एका टपरीवर माणसं होती. मग तो हसायचा थांबला. "उतर. मी घेतो."

सकाळपासून त्याच्या तोंडी मी "तुम्ही" होते.

मी उतरले. काकूंच्या शेजारून चालत तो उंचवटा ओलांडला. त्या हळूच म्हणाल्या, "असं न्हाई बोलायचं गं पोरी. मला काय गुडघे न्हाईत का?" मला त्याचा अर्थ तेव्हा उलटा लागला. वाटलं, गुडघा दुखतो हे कबूल करून त्या माझी बाजू घेतायत; त्या सांगत होत्या की दुखलं तरी मुकाट्याने उतरायचं असतं.

त्याने गाडी सरळ आणली, आणि हळू नाही. खर्रर्र असा आवाज झाला, टपरीवरचा माणूस उठून उभा राहिला. गाडीतून उतरून त्याने खाली वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, "बघितलं? तुझ्यामुळं." काकूही वाकून पाहायला लागल्या, गुडघ्यावर हात ठेवून. पुढे परळीपर्यंत त्यानेच चालवली. राहिलेल्या दोन गतिरोधकांना आम्ही दोघी उतरलो.

तीन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. पप्पांनी स्पीकर लावला होता.

"पोरगी चांगली हाय, त्यांचं काही म्हणणं न्हाई," तो म्हणाला. "पण लई बोलती."

आई माझ्याकडे बघत राहिली. मामाला हसू आवरेना. "ही? ही बोलती?" मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाहीये.

"दोन मिनिटं खाली उतरली असतीस तर काय झिजणार होतं तुझं?" आईने विचारलं.

"उतरले होते."

"मग आधी बोललीस कावून?"

पुढच्या गुरुवारी किल्ली खुंटीवर नव्हती, पप्पांच्या खिशात होती. "काही दिवस राहू दे," ते म्हणाले. "लोक बघत्यात." त्याच दिवशी एक ड्रायव्हर आला, आयुष्यभर ट्रक चालवलेला, भला माणूस. मी सोबत जाते, धारूरच्या दुकानातला माल मोजायला. मागे बसते.

तो ब्रेक वळणाच्या मधे मारतो. आमची गाडी त्याला सांगते, पूर्वी मला सांगायची तशीच, अंग टाकून, टायर कुंई करून. त्याला ते ऐकू येत नाही. पप्पा आता घाटात जागे असतात, एका हाताने कडी धरून. गावाबाहेरचा तो उंचवटा आम्ही तिघं बसूनच ओलांडतो, कुणालाही उतरावं लागत नाही.

मागच्या गुरुवारी एका वळणावर गाडी फारच बाहेर गेली. समोरून ट्रॉली येत होती, थोडक्यात निभावलं. पप्पांनी कमरेवर हात दाबून धरला. मग मागे न बघता म्हणाले, "अगं, कसं घ्यायचं वळण ते सांग ना त्यांना."

ड्रायव्हरने आरशात माझ्याकडे पाहिलं. तो खरंच ऐकायला तयार होता.

मी खिडकीबाहेर बघत राहिले.