बुरुलनं माझं रक्त कधी घेतलं नाही

माझी बायको दर उन्हाळ्यात मला सोडून एका ऐंशीच्या म्हाताऱ्याकडे राहायला जाते. हसा, हसा! किर्गिझस्तानातलं आमचं अख्खं नारीन शहर हसतं. माझ्या टायरच्या दुकानात येणारा प्रत्येक ड्रायव्हर चाक उतरवून व्हायच्या आत विचारतो, "काय कापारभाई, वहिनी गेल्या का वर?"

वर म्हणजे डोंगरातल्या सोनकुल तळ्याकाठच्या कुरणांवर. बुरुल डॉक्टर आहे, पण गोळ्या लिहून देणारी नव्हे, संशोधन करणारी. रक्तातलं कोलेस्टेरॉल हा तिचा विषय. आमचे मेंढपाळ जन्मभर मेंढीच्या शेपटाची चरबी खातात. त्यातल्या काहींच्या रक्तवाहिन्या तुंबतात आणि काहींच्या नाही, ते का, हे शोधण्यात तिची वीस वर्षं गेली. त्यात तिला एसेनकुल आजोबा सापडले आणि माझं नशीब फुटलं. म्हातारा सकाळी चरबी खातो, दुपारी चरबी खातो, वर घोडीचं दूध ढोसतो, आणि रक्तवाहिन्या म्हणे विशीतल्या पोरासारख्या! जेवायला बसलं की रोज हेच कौतुक.

माझ्या ताटातली चरबी मात्र ती उचलते आणि कुत्र्याला घालते. म्हाताऱ्याला सगळं माफ, मला सगळं बंद. बरं, अख्ख्या तालुक्याचं रक्त तपासलं बाईनं, आमच्या गल्लीतल्या खाटकाचंसुद्धा. नवऱ्याचं एकदाही नाही. "माझंही बघ की," म्हटलं की म्हणणार, "तू दवाखान्यात जा." दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

या वर्षी चढ चढताना माझ्या छातीत दाटायला लागलं. कुणाला बोललो नाही. पण ती आपली निघाली म्हाताऱ्याची नाडी धरायला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बघू ना, माझ्या रक्ताला काय सोनं लागलंय. दुकान बंद केलं आणि पहाटे उपाशीपोटी गाडी काढली.

आजोबांच्या युर्तपुढे, म्हणजे लोकरीच्या गोल तंबूपुढे, बाया-बाप्ये बाह्या वर करून रांगेत बसले होते. दारात स्वतः आजोबा. "या या, जावईबापू!" म्हणत त्यांनी सायीत बुडवलेली रोटी पुढे केली. म्हणजे माझ्या बायकोला लेक करून बसले होते! पण दारातल्या रोटीला तोंड न लावता आत जाणारा माणूस आमच्यात जन्माला यायचाय. शहरातले लोक माजलेत असं या म्हाताऱ्यानं म्हणायला नको, म्हणून मी चांगला मोठा घास घेतला.

"रक्त द्यायला आलोय," मी आत जाऊन ठणकावलं.

बुरुलनं माझ्या मिशीवरची साय पाहिली. "आजोबा! किती वेळा सांगू, रोटी रक्त दिल्यावर द्यायची? पहिल्या वर्षी तुमच्या या रोटीपायी सगळ्यांचं रक्त वाया गेलं."

"अगं, जावई दारात आला. त्याला काय कोरडा उभा ठेवू?"

"उद्या घेते," ती मला म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

मग दिवसभर तिथंच बसून जळत राहिलो. ती गप्पा मारता मारता लोकांना सुया टोचत होती, हाताकडे बघतही नव्हती. म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून म्हणते कशी, "आजोबा, हे काळीज मला देऊन टाका." माझ्याशी असं लाडानं बोलून किती वर्षं झाली, कुणाला ठाऊक!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दंड पुढे केला. तिनं पट्टा बांधला, सुई टोचली. शीर चुकली. पुन्हा टोचली, पुन्हा चुकली.

आजोबा उठून आले. "एरवी डोळे मिटूनही टोचशील गं तू. माझ्यापाशी हात कधी थरथरला नाही तुझा. आज काय झालं?"

"तुमच्या कोलेस्टेरॉलच्या आकड्याची मला भीती नाही वाटत, आजोबा." तिनं सुई खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझे बाबा गेले तेव्हा तुझ्याच वयाचे होते. आपल्या सोयरिकीला रीतीप्रमाणे तुझ्या वडिलांनी त्यांना मेंढीच्या चरबी-कलेजीचा घास भरवला, त्याच हिवाळ्यात छातीत कळ आली. तुझा आकडा वाईट निघाला तर मी काय करू, सांग!"

वीस वर्षं साठवलेले टोमणे होते माझ्याकडे. ते बाजूला ठेवले.

"छातीत दाटतंय, बुरुल," मी म्हणालो. "चढावर."

तिनं पट्टा पुन्हा आवळला, ओठ चावला आणि या खेपेला शीर बरोबर सापडली. बाकी सगळ्यांच्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीत होत्या. माझी तिनं मुठीत घट्ट धरून ठेवली, आणि आजोबांनी दोनदा हाक मारली तरी तिनं तिकडे पाहिलं नाही.