मेहरूण तलावाच्या मधोमध सासरवाडी

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचा सोफा नवा होता.

मी जळगावात, मेहरूणला राहतो. एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. पगार मिळतो तो लॅबचा, पण दिवसभर वाटतो ती मतं. गोंदाने बॅटरी चिकटवलेला फोन कुणाच्या हातात दिसला की माझं डोकं फिरतं. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्यालाच उघडता येऊ नये, हा काय प्रकार आहे? जुना लॅपटॉप भंगारात द्यायला निघालेला माणूस मी रस्त्यात अडवतो, त्याचा लॅपटॉप घरी आणतो, त्यात फुकटची, कुठल्याही कंपनीची नसलेली सिस्टिम टाकतो आणि परत नेऊन देतो. तो बिचारा भंगारवाल्याला बोलावून बसलेला असतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी शेजाऱ्याला विचारतो, की तुमच्या प्रिंटरने दुसऱ्या कंपनीची शाई का नाकारावी? शेजारी वाढप्याला हाक मारून भात मागतो.

पण माझा सगळ्यात लाडका विषय म्हणजे खासगीपणा. तुम्ही कुठे जाता, किती वेळ थांबता, कुणाशी बोलता, हे सगळं फोन बाहेर सांगत असतो. चुगलखोर आहे तो, खिशात ठेवलेला. हे मी मनापासून मानतो, आजही मानतो. माझं मत चुकलेलं नाही. चुकला तो मी.

माझी सासरवाडी फैजपूरची. सासरे म्हणजे नाना, केळीचे जुने बागायतदार. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. माझी बायको सुनीता थोरली, आणि धाकटी मेहुणी वैशाली तिथल्याच शाळेत शिकवते. आता आमच्याकडे जावई म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. जावयाने पाट मागितला तर चौरंग येतो. जावयाला 'नको' म्हणायची पद्धतच नाही. ही पद्धत चांगली आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मागच्या दिवाळीत मी फैजपूरला गेलो आणि फराळाच्या रिकाम्या ताटात घरातले सगळे फोन गोळा केले. म्हटलं, आज या घराला स्वातंत्र्य देतो. अनोळखी नंबरवरून आलेला फोन वाजणारच नाही, अशी सोय केली. माईक बंद केले. राहिलं लोकेशन. ते नुसतं बंद केलं तर अर्धी अ‍ॅप रुसून बसतात, म्हणून मी एक खास अ‍ॅप टाकलं, जे फोनला खोटी जागा सांगतं. फोन फैजपूरला, पण कंपनीला वाटावं भलतीकडेच. कोणती जागा द्यावी? माझ्या डोळ्यांसमोर माझं रोजचं फिरणं आलं. मी नकाशावरची टाचणी उचलली आणि नेमकी मेहरूण तलावाच्या मधोमध, पाण्यात रोवली. शोधा म्हटलं आता गळ टाकून.

नानांनी फोन परत हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले की पाव्हण्यांनी केलं म्हणजे चांगलंच केलं असेल. मी ते कौतुक समजलो.

आता मुख्य गोष्ट. वैशालीसाठी धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा निलेश, तिकडच्या एका दवाखान्यात औषधं देतो. दोघांनी एकमेकांना एका नातेवाइकाच्या लग्नात पाहिलेलं. बोलणं झालं ते चार वाक्यांचं, पण घरी आल्यावर वैशालीने सुनीताला सांगितलं, की ताई, होत असेल तर हेच होऊ दे. याआधी तिने आलेल्या प्रत्येक स्थळात काहीतरी खोट काढली होती. त्यामुळे घरात आनंद होता आणि धाकधूकही होती, कारण मुलाचे वडील फार मानी आहेत, लहानशा गोष्टीवरून उठून जातात, असं मध्यस्थ दगडूभाऊंनी आधीच कानावर घातलं होतं.

रविवारी पाहुणे जेवायलाच येणार होते. आम्ही दोघं सकाळीच फैजपूरला पोचलो. अक्कांनी वरण-बट्टीचा घाट घातला होता. घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. पाहुण्यांनी आदल्या दिवशी लोकेशन मागवलं होतं आणि नानांनी ते स्वतःच्या हाताने दगडूभाऊंना पाठवलं होतं. दगडूभाऊंनी ते मुलाच्या वडिलांना पुढे पाठवलं, सोबत नानांचा नंबरही. नानांना स्वतःला हे जमलं याचा त्यांना केवढा अभिमान. मला दोनदा सांगितलं. आणि मी, लॅबवाला, मी काय म्हणालो? "वा नाना, शिकलात तुम्ही."

माझ्या डोक्यात काही म्हणजे काही वाजलं नाही. माईकसारखं तेही बंदच होतं.

जेवणाची वेळ झाली. पाहुणे नाहीत. थोडा वेळ गेला. मी सगळ्यांना धीर दिला, की रस्त्याचं काम चालू आहे, उशीर होतोच. आणखी बराच वेळ गेला. नाना ओट्यावर जाऊन गल्लीच्या तोंडाकडे बघून येत होते. अक्का झाकण काढून बघत होत्या आणि पुन्हा ठेवत होत्या.

"बट्ट्या गार होऊ राह्यल्या," त्या शेवटी सुनीताला म्हणाल्या. मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

नानांनी दगडूभाऊंना फोन लावला. दगडूभाऊ नेमके लेकीकडे नंदुरबारला गेलेले, फोन लागेना. मुलाच्या वडिलांचा नंबर नानांकडे नव्हता, सगळा व्यवहार मध्यस्थांमार्फत. वैशाली आतल्या खोलीत साडी नेसून बसली होती. मी पाणी प्यायला म्हणून आत डोकावलो तर ती भिंतीकडे तोंड करून उभी. तिने मागे न वळताच विचारलं, "जिजाजी, त्यांना यायचंच नसेल तर तसं सांगितलं असतं ना?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि वाईट वाटलं की मी काय करतो? ज्ञान देतो. बाहेर येऊन मी नानांना म्हणालो, की हे बघा, माणसं अशीच असतात, यायचं नसलं तर साधा फोनसुद्धा करत नाहीत.

नाना म्हणाले, "पन पाव्हणा, दिवाळीपासून मले नव्या मानसाचा फोन येतच नही. केळीचे नवे व्यापारीबी म्हनतात, नाना, तुमी फोन उचलत नही. असं काहून?"

मंडळी, आत्ता कुठे माझ्या डोक्यात वाजलं. मी नानांच्या हातातून फोन घेतला. अडवलेल्या फोनांची यादी उघडली. एकच नंबर, वरपासून खालपर्यंत. मधे मधे आणखी दोन-तीन नंबर, म्हणजे त्यांनी गाडीतल्या प्रत्येकाच्या फोनवरून लावून पाहिलं होतं. आणि मग माझा हात आपोआप नानांनी पाठवलेल्या लोकेशनवर गेला. निळंशार पाणी आणि त्याच्या मधोमध लाल टाचणी. ओळखलीच मी, माझीच होती.

पण एक गोष्ट मला अजून कळेना. फैजपूरला निघालेली माणसं जळगावच्या तलावावर जातील कशाला? ते मला नंतर कळलं. त्यांनी लोकेशन पाहिलं आणि त्यांना वाटलं, थोरला जावई मेहरूणला राहतो असं ऐकलंय, तर कार्यक्रम त्याच्याच घरी ठेवलेला दिसतो. बरंच झालं, तेवढा रस्ता वाचला. म्हणजे सगळा भरवसा माझ्यावर.

मी लगेच कबूल केलं असेल असं तुम्हाला वाटतंय का? कुठलं काय. "नेटवर्कचा जरा घोळ झालाय," असं म्हणत मी अंगणात गेलो आणि त्या नंबरवर फोन लावला. एकदा वाजला आणि तुटला. पुन्हा लावला. एकदा वाजला आणि तुटला. हे लक्षण काय असतं ते मी लोकांना शिकवतो. त्यांनी नानांचा नंबर ब्लॉक केला होता. माझ्या स्वतःच्या फोनवरून लावला, तर तो नुसता वाजत राहिला. अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही शिकवण तोवर धुळ्यापर्यंत पोचली असावी.

मग मात्र मी घरात आलो आणि सगळं सांगितलं. खोटी जागा, तलाव, न वाजणारे फोन, सगळं. अक्कांनी भाजीवर पुन्हा झाकण ठेवलं. जावयाला बोलायची पद्धत नाही ना. सुनीताने माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात माझी सगळी हजेरी घेऊन झाली. नानांनी मुकाट्याने पायात चपला घातल्या. म्हणाले, जळगावला निघू, तलावाला फेरी मारू, माफी मागू. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली.

आधी निलेश उतरला, घामाघूम. मागून त्याची आई आणि मामा. सगळ्यात शेवटी त्याचे वडील, ज्यांना तिकडे आबा म्हणतात. उंच, पांढरी टोपी, कपाळावर आठ्या. नाना हात जोडून पुढे झाले. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि थेट विचारलं:

"मोबाईलवाला जावाई कोन शे?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

झालं होतं असं. ही मंडळी तलावाच्या काठावर उभी. समोर पाणी, फोन कुणी घेईना. आबांचा पारा चढला. आपली थट्टा चाललीय असं समजून त्यांनी नंबर ब्लॉक केला आणि गाडी धुळ्याकडे वळवायला सांगितली. तर निलेश गाडीत बसेना. तो म्हणाला, नको असेन तर त्यांच्या तोंडून ऐकतो, पण भेटल्याशिवाय परत येत नाही. आणि तो समोरच्या चहाच्या टपरीवर गेला. नुसतं विचारलं, फैजपूरचे केळीवाले नाना माहीत आहेत का?

आता ऐका. टपरीवाल्याने किटली खाली न ठेवता सांगितलं. फैजपुरात कुठे वळायचं, दारात काय झाड आहे, नानांना गुडघ्याचा त्रास कधीपासून आहे, धाकटी मुलगी शाळेत शिकवते आणि स्वभावाने गुणी आहे. नानांच्या घराची जागा जगापासून लपवायला मी एवढा आटापिटा केला होता, आणि टपरीवर ती चहाबरोबर फुकट मिळत होती. वर तो असंही म्हणाला, की त्यांचा जावई इथेच राहतो, रोज इथे चहा पितो आणि सासरचं सगळं सांगतो, माणूस वाईट नाही, फक्त त्याच्या हातात फोन देऊ नका.

आबांच्या तोंडून हे सगळं ऐकताना मामा गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, आता निदान आपली बाजू तरी मांडावी. मी सुरू झालो. कंपन्या काय करतात, आपली माहिती कुठे जाते, पाळत म्हणजे काय, माणसाचा हक्क म्हणजे काय. अक्कांनी मधेच सगळ्यांना पाणी दिलं, तरी मी चालूच.

मग आतून वैशाली आली. पोह्यांची ताटली वगैरे काही हातात नव्हती. डोळे लाल होते, पण आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ.

"जिजाजी, तुमचं सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण कंपनी निदान 'मान्य आहे का' असं विचारते तरी. तुम्ही आमचे फोन ताटात घेतले तेव्हा तेवढंही विचारलं नव्हतं."

मी उभ्या जन्मात खासगीपणावर जेवढी भाषणं केली, त्या सगळ्यांचं उत्तर या पोरीने दोन वाक्यांत दिलं, तेही पाहुण्यांसमोर. निलेश तिच्याकडे असा बघत होता, की आबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

बट्ट्या पुन्हा तुपात परतल्या गेल्या. जेवणं झाली. आणि जेवणानंतर मी नवा उद्योग केला, पण या वेळी एकेकाच्या शेजारी बसून, विचारून. नाना म्हणाले, सगळे फोन वाजू द्या, मला व्यापारी हवेत. अक्कांना माईक परत हवा होता, कारण त्या टाइप करत नाहीत, बोलून बहिणीला निरोप पाठवतात. दिवाळीपासून त्या बहिणीशी धड बोलल्याच नव्हत्या आणि मला सांगायला संकोचत होत्या. ते ऐकून मला जेवलेलं गोड लागेना. वैशालीने मात्र अनोळखी फोन बंदच ठेवले. "हे मला आवडलंय," ती म्हणाली. "पण आता मी ठरवलंय म्हणून." खरं सांगतो, माझ्या सगळ्या भाषणांनी झालं नाही ते त्या दुपारी झालं. त्या घरात प्रत्येकजण आपापल्या फोनचा मालक झाला. निलेशच्या आईनेसुद्धा हळूच आपला फोन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, मले बी समजाडी द्या.

चहा झाल्यावर आबांनी घसा खाकरला. मुलगी पसंत आहे, म्हणाले. मुलालाही पसंत आहे, ते तर तलावावरच दिसलं. देणंघेणं काही नको. पण आमची एक अट आहे.

अट म्हटल्यावर नानांचा चेहरा उतरला. अक्कांनी पदर हातात गच्च धरला. वैशाली दारात थबकली. मीसुद्धा हातातला फोन खाली ठेवला, कारण आता काही मोडलं असतं तर ते माझ्यामुळेच मोडलं असतं.

आबांनी टोपी सारखी केली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "लगननं लोकेशन ह्या जावाईनी धाडानं नही."

नानांनी आयुष्यात कधी कुणाचं बोलणं तोडलेलं नाही. त्या दिवशी आबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते 'मान्य' म्हणाले. पाठोपाठ अक्का, सुनीता आणि वैशाली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही 'मान्य' म्हणालो. दुसरं बटणच दिलं नव्हतं.