दोन डोकी, एक हेल्मेट

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. गेल्या हिवाळ्यात, मुखेडच्या मैदानावर, रविवारच्या सामन्यात, शेवटच्या षटकात. लेदर बॉल उसळला आणि तिची भुवई फाटली.

आमच्या मुलींच्या संघात हेल्मेट एकच. एक धाव निघाली की खेळपट्टीच्या मधोमध भेटायचं आणि डोक्यावरचं काढून समोरचीला द्यायचं, हा आमचा रिवाज. त्या दिवशी उजेड कमी होत चालला होता. आमचे कोच सर सीमारेषेवरून ओरडले, बदलाबदली सोडा, पळा. मी एक धाव काढली. हेल्मेट माझ्याच डोक्यावर राहिलं आणि पुढचा चेंडू तिनं उघड्या डोक्यानं खेळला. टाके पडल्यावर सर म्हणाले, नशीब. नशीब कसलं? हुकूम कुणाचा होता?

आईनं बहिणीला बजावलं, डोकं झाकलेलं असेल तरच बॅट धरायची, नाहीतर खेळ बंद. आम्ही दुसरं हेल्मेट मागितलं. सरांचं उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी बघू.

जखम भरल्यावरचा पहिला सामना औशाला होता. सलामीला आम्ही दोघीच. काय करायचं ते एसटीतच ठरलं होतं. पहिली धाव घेतली आणि खेळपट्टीच्या मधे थांबलो. मी सावकाश पट्टा सोडला, तिच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, हनुवटीखाली ओढून पाहिलं. पुढच्या धावेला तिनं माझ्यासाठी तेच केलं. मग प्रत्येक धावेला. लोक हसायला लागले.

"मुंडावळ्या बांधून राहिल्या का गं?" प्रेक्षकांच्या मंडपातून कुणीतरी विचारलं.

सर लाल झाले. पंच जवळ आले, वेळ चाललाय म्हणाले.

"डोकी दोन हायत, काका. हेल्मेट एक हाय," बहीण म्हणाली. "उघड्या डोक्यानं मी उभी राहणार न्हाई."

भुवईवरचा वण त्यांच्या समोरच होता. पंचांनी बॉल खिशात टाकला आणि दोन्ही संघांना सांगितलं, दुसरं हेल्मेट आल्याशिवाय खेळ नाही. समोरच्या संघाची कर्णधार आपल्या किटमधलं घेऊन आली.

"आता तरी पटापट पळा, बाई."

पळालो. पुढचा उसळता चेंडू बहिणीनं सीमेपार धाडला, तो मी समोरच्या टोकावरून डोळे भरून पाहिला. सामना आमचा. त्यानंतर सरांना दुसरं हेल्मेट आणावंच लागलं. आता नाणेफेकीआधी पट्टे ते स्वतः ओढून बघतात. बघायलाच पाहिजे.

तुमच्याही गावात लेदर बॉलनं खेळ होतोच. या रविवारी मैदानावर जा, दोन्ही टोकांची डोकी बघा. एक जरी उघडं दिसलं तर सरळ खेळपट्टीवर जाऊन उभे राहा, आणि दुसरं हेल्मेट येईपर्यंत हलू नका.