परसादाला कोन खानं म्हनतं?

भूल द्यायला शिकायचं ठरलं तेव्हा मी पालघरच्या आमच्या दवाखान्यातली सगळ्यांत नाकाने कांदे सोलणारी नर्स होते. नर्सिंगची परीक्षा पास झालेली, सात वर्षं वॉर्ड सांभाळलेला. मला कोण काय शिकवणार! तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं. उंचावरून पडलेले कामगार आमच्याकडे यायचे आणि भूल देणारा डॉक्टर मुंबईहून येईपर्यंत फार उशीर व्हायचा. म्हणून आमच्या डॉक्टरबाईंनी मला वर्षभर आपल्या हाताखाली घेतलं. पहिल्याच महिन्यात मी भूल देत असताना एका कामगाराचा श्वास थांबला. बाईंनी मला बाजूला सारून त्याला परत आणलं, पण माझी पाचावर धारण बसली ती बसलीच. घरची रोजची पूजा सुटली. ज्या देवाने हे काम माझ्या गळ्यात घातलं, त्याच्यापुढे निरांजन लावायला हात उचलेना.

बाईंचं काम मात्र बघत राहावं असं होतं. तारेच्या जाळीवर फडकं ताणलेला लहानसा मुखवटा पेशंटच्या नाकातोंडावर धरायचा आणि त्यावर ईथर थेंब थेंब सोडायचं. तान्ह्या बाळाला बोंडल्याने दूध पाजावं तशा सावकाशीने त्या ते सोडत. एक बोट कानापुढच्या नाडीवर, बाकीची हनुवटीखाली. "घड्याळ नंतर बघा, आधी माणूस बघा," असं म्हणत. मी चुकले तर ओरडत नसत, माझा हात धरून पुन्हा योग्य जागी ठेवत. एवढा संयम मी देवळातल्या पुजाऱ्यातही पाहिला नव्हता. तरी हे काम सोडायचं असं मी मनात पक्कं केलं होतं.

अशात एका दुपारी एडवणहून बैलगाडीतून एक पहिलटकरीण आली. मूल आडवं होतं, पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता. बरोबर तिची म्हातारी सासू होती. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासात जाऊन माणूस दगावतं, हे मला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. म्हणून मी सासूला विचारलं, "हिला सकाळपासून काही खायला दिलंत?"

"नाय बाय. कालपासना पोटात दाणा नाय," ती ठामपणे म्हणाली. मी कागदावर 'उपाशी' असं लिहून टाकलं.

हात धुऊन मी ऑपरेशनच्या खोलीकडे निघाले, तर ती म्हातारी दारात आडवी आली. पदरातून अर्धं केळं आणि खोबऱ्याचा तुकडा काढून म्हणाली, "घे बाय. मघाधरना बघते, तूच उपाशी हायस." मला घाई होती, त्यात देवाशी माझा अबोला. एरवी मी तिला फटकारूनच पुढे गेले असते. पण त्या दिवशी, का कोण जाणे, माझे पाय थांबले.

"हे कुठलं, आजी?"

"केलव्याच्या देवीचा परसाद. वाटेत गाडी थांबवली नि आनला. अर्धा सुनेला खिलवला, नारलाचं पानी पाजलं."

"अहो, मग मघाशी काही दिलं नाही असं का म्हणालात?"

"परसादाला कोन खानं म्हनतं?" ती माझ्याकडे बघतच राहिली.

तिचं काय चुकलं? आमच्या घरीही कडक उपासाला प्रसाद चालतोच. चुकले मी, नीट न विचारता लिहून मोकळी झाले. मी धावत बाईंकडे गेले आणि म्हटलं, "आज भूल तुम्हीच द्या." बाई शांतपणे म्हणाल्या, "मग पोट कोण उघडणार? तुम्हीच द्यायची." आम्ही नळी घालून तिचं पोट जमेल तेवढं रिकामं केलं, टेबल डोक्याकडून खाली कलवलं, तिची मान एका कुशीला वळवली. एवढं करूनही भूल चढताना उलटी आलीच. पण मी तयारीत होते. घसा लगेच साफ केला, हनुवटी सोडली नाही. तिचा श्वास एकदा अडखळला आणि पुन्हा संथ चालू लागला. थोड्या वेळाने मुलगी रडली, आणि मीही रडले.

बाहेर येऊन मी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. ती संकोचून म्हणाली, "माज्या कशाला पाया पडतेस? नात दाखव आदी." माझे पाय त्या दारात कोणी थांबवले, याचा वाद मी कधी कोणाशी घातला नाही. उपाशी कोण आहे हे त्या माउलीने पाहिलं, एवढं मला पुरतं. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी विचारते, "प्रसाद, तीर्थ काही घेतलंत का?"

एक सांगायचं राहिलं. मुखवटा चेहऱ्यावर ठेवण्याआधी त्या पोरीने माझं मनगट धरलं होतं. "बाय, मी निजल्यावर तू जाशील नाय ना?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने लगेच मनगट सोडलं आणि डोळे मिटले. माझं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी निरांजन लावलं, हात जोडले आणि कितीतरी महिन्यांनी, काहीएक न मागता, डोळे मिटले.