चाकाखालची केळीची पानं
सन २००९, मी चौपन्न वर्षांचा होतो आणि शनवारा नावाच्या भागात माझं गॅरेज होतं. केळी वाहायची जुनी जीप घेऊन धाकटा भाऊ आला. म्हणाला, "दादा, पाय दाबून धरला की ब्रेकचं पेडल हळूहळू खाली बसून राह्यलं." मी नेहमीसारखं चारही चाकांखाली केळीचं सुकं पान टाकलं आणि पेडल दाबलं. पानावर ब्रेक तेलाचा एकही थेंब पडला नाही. "गळती नाही, नळीत हवा धरली असेल," म्हणत मी ती हवा काढली. तो म्हणाला, "अजून बसतंय. पेडलामागचा, तेल दाबणारा मास्टर सिलिंडर खोलून बघ ना." मी भडकलो, "मिस्तरी तू का मी? पेडल दोनदा पंप मार, ब्रेक पकडतं." तो हसला, "बरं मिस्तरी, तुमचंच खरं," आणि गेला. असीरगढच्या उतारावर ब्रेक लागला नाही, भाऊ जागीच गेला. लोक म्हणाले, जोरात पळवली असेल.  आता म्हातारा झालो, तरी ब्रेक तेलाचा वास आला की दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. उजाडताच मी उतारावर जाऊन त्या जीपचा मास्टर सिलिंडर खोलला. आतलं रबर झिजलं होतं, तेल बाहेर न पडता आतल्या आतच मागं जात होतं. ते रबर घेऊन मी भावजयीच्या दारात गेलो आणि चारचौघांत म्हणालो, "त्यानं पळवली नाही. चूक माझी आहे."