राजकीय वर्तुळात बसतं कोण?

सांगायची लाज वाटते, पण चहा मागवलाच आहे तर ऐका.

वर्तुळ म्हणजे काय? शाळेत कंपासनं काढतात ते. शाहूवाडीकडं 'सर्कल' म्हटलं, की महसूल खात्याचे साहेब. आणि आम्हा पत्रकारांचं 'राजकीय वर्तुळ'. तिथं कायम चर्चा असते, खळबळ असते, फक्त माणूस दिसत नाही. उभी हयात मी त्याच्या जिवावर बातम्या लिहिल्या. यात बसतं कोण, असं कधी कुणी विचारलं नाही.

परवा सकाळी माझी बातमी छापून आली आणि आमच्या नव्या संपादकांनी विचारलं.

"माजी नगरसेवक अण्णा पुन्हा महापालिका लढवणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"राजकीय वर्तुळानं."

"त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा."

आता बातमीदाराला असं विचारतात होय? पण प्रश्न अब्रूचा होता. तणतणत निघालो. मला सांगितलं होतं अण्णांच्या मेव्हण्यानं. त्याला सांगितलं त्याच्या न्हाव्यानं. न्हाव्याला आमच्या चहावाल्या तात्यानं.

तात्याला गाठलं. "तुला कोण बोललं?"

"कोन म्हंजे? तुमीच की. हितंच बसून म्हणलासा न्हवं, अण्णा उभारल्याशिवाय ऱ्हात न्हाई म्हणून?"

म्हटलं होतं. चिडून, सहज. म्हणजे ते अख्खं वर्तुळ मी एकटाच होतो.

तेवढ्यात खुद्द अण्णांचा फोन. "ओ पत्रकार, घरात बसलेल्या माणसाला कशाला उभा करायलाय? मी न्हाई उभारणार."

संपादक म्हणाले, आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा देऊ. मी ऐकतोय कसला? चूक माझी, तर खुलासा पहिल्या पानावर, चौकटीत, माझ्या नावानिशी. तासभर भांडलो, जिंकलो आणि फोन बंद करून चौकटीचं शीर्षक घासत बसलो.

तिकडं माझी मूळ बातमी वाचून लोक दिवसभर अण्णांच्या दारात हार घेऊन येत होते. एवढे हार गळ्यात पडल्यावर कुठला माणूस घरात बसेल? संध्याकाळी अण्णांनी पत्रकार परिषद घेतली. मला फोन लावून लावून त्यांची माणसं दमली म्हणे.

सकाळी शहरातल्या झाडून सगळ्या पेपरांत मथळा होता, 'अण्णा रिंगणात'.

फक्त आमच्या पेपरात, पहिल्या पानावर, ठसठशीत चौकटीत, माझ्या नावानिशी छापलं होतं, 'अण्णा लढणार नाहीत'.